भेटीवर तुळशीपत्र

अर्थपूर्ण भेट कशी निवडावी याचे सल्ले पैशाला पासरी मिळतात. फोटो छापा, नाव कोरा, आठवणींचं स्क्रॅपबुक करा. अशी भेट घेणाऱ्याचं पुढे काय होतं, हे मात्र कुणी सांगत नाही. जी वस्तू टाकता येत नाही, दुसऱ्याला देता येत नाही आणि विसरताही येत नाही, ती आपण देतो की गळ्यात मारतो?

माझ्या एका मैत्रिणीनं तीन वर्षांत चार भाड्याची घरं बदलली. दर वेळी एक खोका न उघडताच पुढच्या घरी जातो. त्यात फोटोचे मग, तारीख कोरलेली फ्रेम आणि हातानं लिहिलेल्या शंभर चिठ्ठ्यांची बरणी आहे. चिठ्ठ्या लिहिणाऱ्याशी आता बोलणंही नाही. मी म्हटलं, चिठ्ठ्या रद्दीत घाल, बरणीत लोणचं भर. ती म्हणाली, "त्याला कळलं तर?"

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉसनं १९२५ साली भेटीवर एक मोठा निबंध लिहिला. त्याचं म्हणणं, भेट वरवर मुक्त दिसते, पण द्यावं लागतं, घ्यावं लागतं आणि परतफेडही करावी लागते. आपल्याकडे लग्नातली आहेराची वही ज्यानं पाहिलीय त्याला हे वेगळं सांगायला नको. पण पाचशे एक रुपयांचा आहेर फेडता तरी येतो. रात्री जागून केलेलं स्क्रॅपबुक कशानं फेडायचं? त्यात समोरचा मोबाइल रोखून उभा: "आवडलं ना?" म्हणजे डोळ्यांत पाणीही तिथल्या तिथे, स्टोरीपुरतं यायला हवं.

म्हणून सरळ पाकीट द्यावं, असं मी म्हणत नाही. दान देताना तुळशीपत्र ठेवून पाणी सोडायची रीत आहे: माझा हक्क संपला. प्रेमाच्या भेटीवर आपण नेमकं तेच ठेवत नाही.

आजीच्या पातळांची गोधडी बघा. तुकडान् तुकडा ओळखू येतो, पण ती बाळाखाली घालायची असते. ओली होते, धुतली जाते, विरते. जुन्या स्टीलच्या पातेल्यांवर तर देणाऱ्याचं नाव तारखेसकट घातलेलं असतं. तरी त्याचं ओझं होत नाही, कारण त्यात रोज दूध तापतं, कधी करपतं, आणि घासून घासून 'सप्रेम भेट'मधला 'स' निम्मा उरतो.

पुढच्या महिन्यात बाबांना साठ पूर्ण होतील. ताईच्या मनात भिंतभर फोटोंचा कोलाज आहे. बाबा रोज त्याच्याकडे बघून हसतीलही, आम्हाला बरं वाटावं म्हणून. मला ते काम त्यांना लावायचं नाही. संध्याकाळी सायकलवरून उतरले की ते क्षणभर कंबर धरून उभे राहतात. कुणाला काही बोलत नाहीत. मी नवी, मऊ सीट बसवून देणार आहे.

ताई विचारते, सीटमध्ये भावना कुठेय?