अर्जदार समक्ष हजर

मनुष्य जन्माला येतो तेव्हा हात हलवत येतो. बी. कॉम. झाला, की त्याच हातात एक खाकी पाकीट येतं. माझ्या हातात ते २००२ साली आलं. गोंदिया जिल्हा तेव्हा तीन वर्षांचा होता (१ मे १९९९ ला तो भंडाऱ्यातून वेगळा निघाला) आणि मी बावीस वर्षांचा. दोघांचाही जम बसायचा होता. फरक एवढाच, की जिल्ह्याला कलेक्टर मिळाला होता आणि मला कोणीच विचारत नव्हतं.

"पोस्टानं अर्ज धाडणं म्हणजे वैनगंगेत नाणं टाकणं," वडील म्हणाले. "पुण्य लागत असेल, पण परत काही येत नाही. समक्ष जाऊन दे."

झालं! मी आणि माझी सायकल गोंदियाच्या रस्त्यांना लागलो. आमचं गाव धानाचं. राइस मिलांना तोटा नाही. सकाळी कडक इस्त्रीत निघालेला वाणिज्य पदवीधर दुपारी कोंड्याच्या पोत्यातून काढलेल्या उंदरासारखा घरी यायचा. प्रत्येक फाटकावर संवाद ठरलेला.

"कोणाले भेटाचं हाय?"

"साहेबांना. अर्ज द्यायचाय."

"मंग ठेवून दे ना इथंच!"

'इथंच' म्हणजे चौकीदाराच्या डब्याखाली. अशा एका फाटकाजवळच्या टपरीवर आठ दिवसांनी मला समोसा मिळाला, तो माझ्याच बायोडाटात गुंडाळलेला. बाकी सगळं तेलानं पुसलं गेलं होतं; 'छंद : वाचन' तेवढं स्वच्छ वाचता येत होतं.

पण वाचकहो, विनोद बाजूला ठेवून एक प्रश्न विचारतो. समक्ष जाऊन अर्ज देणं हा प्रामाणिक माणसाचा कष्टाळूपणा, की गरीब माणसाचा वशिला? ज्याच्याकडे मामा नाही, काका नाही, आमदार नाही, तो स्वतःचं तोंडच वशिल्यासारखं घेऊन जातो. 'मला बघा' असं म्हणतो. आता बघितल्यावर समोरचा काय बघेल, याचा भरवसा कुणी द्यायचा?

आपल्याकडचा एक जुना समक्ष अर्जदार छांदोग्य उपनिषदात आहे, सत्यकाम जाबाल. हारिद्रुमत गौतमांकडे शिकायला म्हणून तो गेला. गुरूंनी गोत्र विचारलं. पोरानं सांगून टाकलं, की ते मला ठाऊक नाही, आईलाही ठाऊक नाही. मी जबालेचा सत्यकाम. गौतमांनी त्याचं खरं बोलणं पाहिलं आणि समिधा आणायला सांगितलं. पुढे चारशे रोडक्या गाई त्याच्या स्वाधीन केल्या. हजार झाल्याशिवाय परतणार नाही, असं तो म्हणाला. (प्रोबेशनवर एवढं टार्गेट आमच्या बँकेनंसुद्धा कुणाला दिलेलं नाही.) पोस्टानं अर्ज गेला असता, तर 'गोत्र' हा रकाना रिकामा म्हणून तो आवक बारनिशीतच अडकला असता.

दुसरा अर्जदार एकलव्य. तोही समक्षच गेला होता. द्रोणाचार्यांनी पाहिलं आणि निषादाचा मुलगा म्हणून नाही म्हटलं. म्हणजे समक्ष गेल्यानं एकाचं भलं झालं आणि एकाचा पुढे अंगठा गेला. दोष जाणाऱ्याचा नाही, बघणाऱ्याच्या डोळ्यांचा. पाकिटाला फाटकी चप्पल नसते, हा पाकिटाचा फायदा. पण आडनाव त्यालाही असतं.

हे सगळं तत्त्वज्ञान मी सांगतोय खरा, पण माझ्या अंगावर एक जुनी बाकी आहे. एका मिलमध्ये हिशेबनिसाची जागा निघाली. आमगावचा माझा मित्र म्हणाला, "यार, गाडीभाड्याले पैसे नाही. माझा अर्जही देऊन देजो." त्याचे मार्क माझ्यापेक्षा चांगले होते. मी दोन्ही पाकिटं घेऊन गेलो. सायकलवरून उतरताना माझं पाकीट वर आलं. आलं म्हणजे, मी घेतलं.

मुनीमजींनी चष्म्यावरून पाहिलं. "दोन कायले? जागा एकच हाय." वरचं पाकीट त्यांनी ठेवून घेतलं आणि खालचं मला परत दिलं. 'यांचे मार्क जास्त आहेत' हे चार शब्द बोलायला मला पाच सेकंद लागले असते. मी ते वाचवले.

संध्याकाळी मित्रानं विचारलं, "देल्लास ना?"

"दिला," मी म्हणालो. व्याकरणाच्या दृष्टीनं ते खरं होतं. मी दिलाच होता. फक्त तो परत आला होता. डेबिटची नोंद सांगितली, क्रेडिटची गाळली. वाणिज्य शाखेत याला वेगळं नाव आहे.

ती नोकरी मला मिळाली आणि आठ महिने टिकली. पुढे बँकेत लागलो, तो लेखी परीक्षा देऊन. आता २०११ पासून तर बहुतेक सरकारी बँकांची सामायिक परीक्षा असते. तिथं चप्पल कोणी बघत नाही आणि वरचं-खालचं पाकीटही नसतं. हे न्यायाचं आहे, मी मान्य करतो. तरी अधूनमधून एखादा पोरगा माझ्या काउंटरशी बायोडाटा घेऊन येतोच. 'इथं असे अर्ज घेत नाहीत, ऑनलाइन भरा' हे सांगायला मला पाच सेकंद पुरतात. पण मी त्याला बसवतो, पाणी देतो, कागद शेवटपर्यंत वाचतो. रांगेतले लोक कुरकुरतात. नोकरी देणं माझ्या हातात नाही, वाचणं आहे. इतक्या लांबून तोंड घेऊन आलेल्या माणसाला निदान एक तोंड समोर मिळावं, एवढं तरी आपण लागतो की नाही?

मित्राचं आज आमगावात दुकान आहे, बरं चाललंय. भेटलो की तो अजून म्हणतो, "तू माझा अर्ज नेऊन देल्ला होता, बरं!" आणि चहाचे पैसे मला देऊ देत नाही. तेवीस-चोवीस वर्षांचा चहा झाला.

ते दुसरं पाकीट माझ्या कपाटात आहे, न फोडलेलं. हा लेख छापून आला, की एक प्रत आणि ते पाकीट घेऊन मी आमगावची गाडी धरणार आहे. पोस्टानं पाठवणार नाही.