वाहनाचा परिग्रह

रोजच्या कामाला किती मोठी गाडी पुरे, हा प्रश्न वरवर जमाखर्चाचा वाटतो. भारतीय नीतिविचारात मात्र तो परिग्रहाच्या, म्हणजे वस्तूंच्या संचयाच्या, सदरात मोडतो. पतंजलीने अपरिग्रहाला पाच यमांत जागा दिली. जैन परंपरेने तेच तत्त्व दोन पायऱ्यांवर मांडले, साधूला संपूर्ण त्याग आणि गृहस्थाला परिमाण. गृहस्थाने सर्वस्व सोडावे असे ती म्हणत नाही. मोजून ठेवावे असे म्हणते. श्वेतांबर श्रावकांच्या रोजच्या चौदा नियमांत ‘वाहन’ हा स्वतंत्र नियम आहे. आज किती वाहने वापरायची, हे दिवस सुरू होण्याआधी ठरवायचे. मर्यादा आधी आणि वापर नंतर, हा क्रम त्यात महत्त्वाचा.

नागपुरात हा क्रम सहज उलटतो, कारण पर्याय भरपूर आहेत. 2005 साली टाटा एस ही छोटी मालवाहू गाडी बाजारात आली. दोन सिलिंडरचे 702 सीसीचे डिझेल इंजिन आणि पाऊण टनाच्या आसपास भार एवढ्या ऐवजावर तिने तीनचाकी टेम्पोची जागा घेतली आणि ‘छोटा हत्ती’ हे नाव मिळवले. तिच्यावरच्या पायरीवर टनापेक्षा जास्त माल नेणारी बोलेरो पिकअप आहे. दुसऱ्या टोकाला इसुझू व्ही-क्रॉस आणि 2022 मध्ये भारतात आलेली टोयोटा हायलक्स. चारही चाकांना ताकद, आत मोटारीची ऐट, किंमत तीस लाखांच्या घरात. कळमन्याच्या बाजारात संत्र्याचे क्रेट उतरवणाऱ्याला हे शेवटचे टोक लागत नाही, हे सांगायला तत्त्वज्ञान नको. पण पहिल्या दोन पायऱ्यांमधली निवड खरोखर अवघड असते, आणि तेथेच गरज व हौस एकमेकींत मिसळतात.

हिवाळ्याचे उदाहरण बोलके आहे. थंड देशांत हिवाळी गाडी म्हणजे बर्फात न घसरणारी गाडी. नागपूरचा पारा 29 डिसेंबर 2018 रोजी 3.5 अंशांपर्यंत उतरला होता, तरी येथे बर्फ पडत नाही. येथला हिवाळा म्हणजे संत्र्याच्या अंबिया बहराचा हंगाम, काटोल-नरखेडकडून भरून येणारा माल आणि पहाटेचे धुके. त्यासाठी चांगले दिवे, नीट ब्रेक, ठणठणीत बॅटरी आणि कमी वेग लागतो. चारही चाकांच्या ताकदीचा उपयोग झालाच तर पावसाळ्यात, काळ्या मातीच्या पांदण रस्त्यावर, तोही वर्षातले थोडे दिवस. तिचे जादा वजन आणि जादा डिझेल मात्र बारा महिने सोसावे लागते. वर्षातल्या चार कठीण दिवसांना मापदंड मानून उरलेल्या दिवसांची गाडी निवडणे, ही भीतीपोटी वाढलेल्या परिग्रहाची नेहमीची रीत आहे.

बौद्ध परंपरेने गृहस्थाच्या खर्चाचा विचार अधिक व्यवहारी पद्धतीने केला. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत: एक उपभोगाला, दोन व्यवसायात, चौथा अडचणीसाठी शिल्लक. पिकअपचा हप्ता दुसऱ्या-तिसऱ्या भागातून गेला तर ती गाडी साधन ठरते. चौथा भाग खाऊ लागली की ओझे होते. दीघजाणु नावाच्या कोलिय गृहस्थाला बुद्धाने समजीविता, म्हणजे मिळकतीशी तोल राखणारे जगणे, सांगितले. तराजू धरणाऱ्याला पारडे कितीने झुकले हे जसे कळते, तसे गृहस्थाला आय आणि व्यय कळावे. या उपदेशाचा दुसरा भाग सहसा विसरला जातो. मिळकत असून कंजूषपणे जगणेही त्यात तितकेच चूक मानले आहे. त्यामुळे केवळ स्वस्त म्हणून घेतलेली, रोजच्या भाराला अपुरी पडणारी गाडी या कसोटीला उतरत नाही.

14 ऑक्टोबर 1956 च्या बौद्ध धम्मदीक्षेनंतर नागपुरात हे उपदेश असंख्य घरांतले झाले. त्या दीक्षेचे प्रवर्तक डॉ. आंबेडकर आणि शेजारच्या वर्ध्यातले गांधीवादी यांच्यात यंत्राविषयी खरा वाद होता. वर्ध्याच्या मगनवाडीतून ग्रामोद्योग संघ चालवणाऱ्या जे. सी. कुमारप्पांनी चिरस्थायी अर्थव्यवस्थेची मांडणी केली. निसर्ग जे पुन्हा भरून देतो त्यावर जगावे, साठा संपवत जाऊ नये, हे तिचे सूत्र. अर्थशास्त्रज्ञ शूमाखर यांनी बौद्ध अर्थशास्त्रावरील निबंधात कुमारप्पांचा आधार घेतला. या दृष्टीने डिझेलचा प्रत्येक थेंब साठ्यातून जातो. आंबेडकरांनी मात्र 1945 च्या ग्रंथात गांधीवादावर टीका करताना बजावले, की यंत्राशिवाय सामान्य माणसाला फुरसत नाही आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही. पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालाच्या बाजूने पाहिले तर आंबेडकरांचे म्हणणे टाळता येत नाही. साधेपणाचा उपदेश ओझे वाहणाऱ्याला करण्यात फारसा अर्थ नाही. कुमारप्पांची मर्यादा लागू पडते ती दुसऱ्या जागी, जेथे यंत्र माणसाचे ओझे उतरवून थांबत नाही आणि मालकाची प्रतिष्ठा वाहू लागते.

इंधनबचतीलाही आपोआप पुण्य चिकटत नाही. रोज 80 किलोमीटर चालणारी गाडी लिटरला 15 ऐवजी 20 किलोमीटर देऊ लागली, तर 300 दिवसांत 400 लिटर डिझेल वाचते, म्हणजे सुमारे एक टन कार्बन डायऑक्साइड कमी. पण फेरी स्वस्त झाली की फेऱ्या वाढतात. अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी 1865 मध्ये इंग्लंडमधल्या कोळशाबद्दल हेच दाखवले होते. इंजिने सुधारली आणि कोळशाचा एकूण खप वाढला. विजेच्या पिकअपनेही प्रश्न मिटत नाही. धूर शहरातल्या रस्त्यावरून हटतो, पण चार्जिंगची वीज कोळशाची असेल तोवर त्यातला काही कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या चिमण्यांकडे जातो. तरी गल्लीतली हवा सुधारते, हा लाभ खरा आहे. कमी इंधन खाणारी गाडी नैतिकदृष्ट्या चांगली ठरते ती एकूण वापराची मर्यादा आधी ठरलेली असेल तेव्हाच.

राहिला अहिंसेचा मुद्दा, आणि तो अ‍ॅव्हरेजच्या गणितात कधीच येत नाही. दीड टनाच्या गाडीत अडीच टन भरणे किंवा हौद्यात मजूर बसवणे हा बचतीचाच एक प्रकार समजला जातो. त्यात ब्रेक उशिरा लागतो, धुक्यात समोरचे वाहन दिसेपर्यंत वेळ गेलेली असते, आणि जीव गाडीमालकाचा जात नाही. मालवाहू गाडीतून प्रवासी नेण्यास मोटार वाहन कायद्याची मनाई आहे. खंडेनवमीला किंवा दसऱ्याला पिकअपला झेंडूचा हार घालणाऱ्याने नोंदणीपत्रावरचा भाराचा आकडा एकदा वाचून घ्यावा आणि वर्षभर पाळावा.