प्रार्थना सोडू नका

फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते. दूरदूरचे भाविक येतात. कित्येकजण घरच्या आजारी माणसासाठी मेणबत्ती लावतात. काहीजण पुढच्या वर्षी तेच मागणे घेऊन पुन्हा येतात. कुणी विचारेल, गुण आला नाही, मग प्रार्थना कशाला? प्रश्न रास्त आहे. पण संत पौलाकडे पाहा. शरीरातला काटा, म्हणजे सतत सलणारा त्रास, निघावा म्हणून त्याने प्रभूला पुन्हा पुन्हा विनवले. काटा निघाला नाही. तो सोसायला पुरेल एवढी कृपा मात्र मिळाली. पौलाचा विश्वास कमी होता, असे कोण म्हणेल? मग आजाऱ्यालाही तसा दोष देऊ नका. प्रार्थना सोडू नका.

आणि औषध घेणे हा अविश्वास का? मुळीच नाही. पौलाचा प्रिय सोबती लूक वैद्यच होता. औषध घ्या, प्रार्थनाही करा. प्रार्थना म्हणजे देवाशी असलेले नाते, सौदा नव्हे. सौदा लाभ थांबला की मोडतो. नाते दुखण्यात अधिक खोल जाते. जो रोज कुणा आजाऱ्यासाठी मनापासून प्रार्थना करतो, तो त्याच्या उशाशीही बसतो, रात्री उठून पाणीही देतो. म्हणून, मित्रहो, उत्तर लांबले तरी आजाऱ्याची सेवा सोडू नका, आणि प्रार्थना सोडू नका.