आधी शब्द, मग गडगडाट

मुंबई-कोलकाता महामार्गावरील देवरीसारख्या तालुक्याच्या गावी, बेताच्या मिळकतीतून घरच्या होम थिएटरात सुधारणेची तजवीज करणाऱ्या गृहस्थापुढे आधी काय बदलावे हा प्रश्न उभा राहतो, तेव्हा तो जमाखर्चाइतकाच विवेकाचाही असतो. भिंती हादरवणारा सबवूफर मनाला प्रथम भुरळ घालतो; परंतु चित्रपटातील बहुतेक संवाद ज्या मधल्या स्पीकरातून येतात, तोच कुचकामी असेल, तर साऱ्या गडगडाटात माणसाचा शब्द हरवतो. टीव्हीखालच्या कप्प्यात खोल ढकललेला तो स्पीकर प्रथम पुढे ओढून, कानाकडे वळवून पाहावा. तेवढ्याने भागले नाही, तर पहिला रुपया त्याच्यावरच खर्चावा. शब्द नीट ऐकण्याला आपल्या परंपरेनेही असाच पहिला मान दिला आहे: नवविधा भक्तीत श्रवणाला अग्रस्थान आहे आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या साथीवर विदर्भातील गावोगावी शब्द पोहोचवला. दुसऱ्याचे म्हणणे स्पष्ट ऐकू यावे, हीच श्रवणाची पहिली नीती होय.