डबीतला पारा



बाळ जन्माला येऊन चार दिवस होत नाहीत, तोच कुणीतरी त्याच्या कानाची पाळी निरखून बघतं. "आत्ता लालगोरं दिसतंय, पण खरा रंग कानावर कळतो," असं म्हणतं आणि बाळंतिणीकडे न बघताच निकाल सांगून मोकळं होतं. मुलगा असला तर बहुतेक वेळा विषय तिथंच मिटतो. मुलगी असली तर तो निकाल तिच्याबरोबर वाढतो. गॅदरिंगच्या नाचात तिला मागच्या रांगेत उभं करतात. उन्हात खेळू नकोस म्हणून फक्त तिलाच हाक मारतात. साय आणि डाळीचं पीठ रोज चोळायला लावतात. लग्नाचं वय झालं की बायोडेटात 'गव्हाळ' लिहायचं की 'निमगोरी', यावर घरात चर्चा होते, आणि ती तिथंच चहाचे कप गोळा करत असते.

मग एक दिवस ही मुलगी कुणाच्या तरी सांगण्यावरून गोरं करणाऱ्या क्रीमची एक लहानशी डबी आणते. वर गोऱ्यापान बाईचा फोटो असतो, पण आत काय काय घातलंय, कुणी बनवलंय, कुठं बनवलंय, याचा पत्ता नसतो. ती लावली की काही आठवड्यांत चेहरा उजळतो. खरोखर उजळतो, आणि भीती याचीच आहे. कारण अशा कित्येक डब्यांत पारा असतो.

आपल्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. गोऱ्या माणसात आणि काळ्या माणसात त्यांची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो त्या किती मेलॅनिन बनवतात यात. हे मेलॅनिन म्हणजे उन्हापासूनचं संरक्षण. आपल्या आज्या-पणज्यांनी शेतात, रानात, बांधावर आयुष्य काढलं ते त्याच्या जोरावर. ज्या विकरामुळे मेलॅनिन बनतं, त्याचंच काम पारा बंद पाडतो. पण तो चेहऱ्यावर थांबत नाही. कातडीतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात जाऊन साठतो.

२०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका घरातल्या मायलेकींची बातमी आली होती. आई आणि दोन मुली एकच क्रीम वापरत होत्या. तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली आणि क्रीम तपासल्यावर तिच्यात पारा सापडला. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातले मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण अभ्यासले. त्यांतल्या १५ जणांत एकाच प्रकारचा, एरवी क्वचित दिसणारा दोष निघाला, आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरं करणारी क्रीम लावत असल्याचं कबूल केलं. 'कबूल केलं' हे शब्द मला फार लागतात. दवाखान्यात अंगावर सूज घेऊन बसलेल्या माणसालाही हे सांगताना संकोच वाटतो. गोरं व्हावंसं वाटलं हा जणू त्याचाच गुन्हा.

काही डब्यांवरच्या सूचनेत तर सोन्याचांदीचे दागिने क्रीमपासून दूर ठेवा, असं लिहिलेलं असतं. पारा सोन्याला धरतो, दागिना पांढरट पडतो, म्हणून ही खबरदारी. दागिन्याची काळजी घेणाऱ्यानं गालाची घेतली नाही.

पाऱ्याविरुद्ध जगानं २०१३ साली मिनामाता करार केला. भारत त्यात २०१८ मध्ये सामील झाला. आपल्याकडे २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांतही पाऱ्यावर कडक बंधनं आहेत. तरीही डब्या येतात, कारण मागणी आहे.

दुसरी गोष्ट स्टिरॉइडच्या ट्यूबची. ही मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय सहज मिळते, खरं तर मिळता कामा नये. खाज, गजकर्ण यांसाठी कुणीतरी आणलेली असते, आणि तिनं चेहरा गोरा होतो हे घरात कळतं. सुरुवातीला कातडी तुकतुकीत दिसते. पुढं ती पातळ होत जाते, गालावर बारीक लाल शिरा उमटतात, मुरुमं येतात, लव दाट होते, उन्हात गेलं की भगभगतं. ट्यूब बंद करावी तर चेहरा आणखी पेटतो, म्हणून पुन्हा ट्यूब. यातून अनेक मुली वर्षानुवर्षं सुटत नाहीत.

अशा मुलींना कुणी मूर्ख म्हटलं की मला राग येतो. सावळ्या मुलीसाठी हुंडा वाढवून मागणाऱ्या घरांना आपण मूर्ख म्हणत नाही. १९७५ साली बाजारात आलेल्या एका क्रीमनं आपल्या नावातला 'फेअर' हा शब्द २०२० साली काढला, तोवर पंचेचाळीस वर्षं गेली होती. एवढ्या काळात गोरी झाल्यावरच नोकरी आणि नवरा मिळतो, हे जाहिरातींनी घरोघर पोचवलं. बारशाला आलेल्या बायकांनी तेच पाळण्यापाशी म्हटलं. त्या मुलीनं ऐकलं आणि मनावर घेतलं, इतकंच.

आज ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या कपाटात अशी डबी असेल, तर ती आजपासून लावू नका, आणि घरातल्या लेकरांचा हात तिला लागू देऊ नका; हातातून, टॉवेलवरून पारा मुलांपर्यंतही पोचतो. पायांवर, डोळ्यांभोवती सूज दिसली, लघवीला फेस येऊ लागला, तर लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या. ही साधी तपासणी आहे. स्टिरॉइडची ट्यूब मात्र मनानं सोडू नका. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवून, त्यांच्या सल्ल्यानं सोडा. आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी चेहऱ्याला काय लावत होता ते आपणहून सांगा, जमल्यास डबीच घेऊन जा. केरळातले बहुतेक रुग्ण क्रीम थांबवल्यावर सुधारले. कारण वेळेत कळलं तर मूत्रपिंड सावरू शकतं.