छकुलीस पत्र : रोहिणीबाईंविषयी

मु. पो. खकनार, जि. बऱ्हाणपूर



तुझी आई फोनवर म्हणाली की तुला मालिकेत काम करायचं आहे, आणि बारावीचा निकाल लागला की लगेच मुंबई गाठायचं तुझ्या मनात आहे. मला आनंदच झाला, हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव धास्तावणार नाही. तू कष्टाळू आहेस, मनाची चांगली आहेस, मोठ्यांशी नीट बोलतेस, त्याबद्दल मला सांगायचं काहीच नाही. मला काळजी वाटते ती फक्त तुझ्या घाईची.

या कामाचं आपल्या भागाला काही वावडं नाही, हे तुला ठाऊक असेलच. आपला जिल्हा २००३ पर्यंत खंडव्यातच होता, आणि अशोककुमार त्याच खंडव्यात लहानाचे मोठे झाले. वडील तिथे वकील. देशातली पहिली मोठी मालिका 'हम लोग' ७ जुलै १९८४ ला दूरदर्शनवर सुरू झाली. प्रत्येक भागाच्या शेवटी दादामुनी, म्हणजे आपले अशोककुमार, यायचे आणि त्या दिवशीच्या गोष्टीबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यासारखे दोन शब्द बोलायचे. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. आणि हे बघ, एवढा मोठा नट मुंबईला आला तेव्हा बॉम्बे टॉकीजच्या प्रयोगशाळेत फिल्म धुण्याच्या कामावर होता. आधीच्या नायकाला काढून टाकलं म्हणून १९३६ च्या 'जीवन नैया'त त्यांना उभं केलं, तोवर ते आपले निमूटपणे मिळालेलं काम करत होते.

पण आज मला तुला सांगायचं आहे ते रोहिणी हट्टंगडींबद्दल. आपल्याकडे त्यांना कुणी नावानं हाक मारत नाही, 'चार दिवस सासूचे'मधल्या आशालता देशमुख म्हणूनच ओळखतात. तू पाळण्यात होतीस तेव्हा आपल्या ओट्यावरच्या बायका दिवेलागणीला स्वयंपाक उरकून घ्यायच्या त्या मालिकेसाठी. २००१ च्या नोव्हेंबरात ईटीव्ही मराठीवर ती सुरू झाली आणि २०१३ च्या जानेवारीत संपली. तीन हजारांहून जास्त भाग झाले. सून झालेली कविता लाड आणि सासू झालेल्या रोहिणीबाई, दोघी इतकी वर्षं रोज आपल्या घरात यायच्या. पुढे 'होणार सून मी ह्या घरची'मध्ये त्या आईआजी झाल्या, ते तर तुलाही आठवत असेल, त्यातल्या जान्हवीचं कौतुक करताना तू मला झोपू द्यायची नाहीस.

आता त्या आशालताबाई होण्याआधी काय काय झालं ते ऐक. पुण्याची ही ओकांची मुलगी १९७१ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेली आणि तीन वर्षं इब्राहिम अल्काझींच्या हाताखाली शिकली. अल्काझी शिस्तीचे फार कडक, वेळेच्या बाबतीत तर विचारूच नकोस. तिथेच रोहिणीबाईंना जयदेव हट्टंगडी भेटले, पुढे दोघांचं लग्न झालं आणि मुंबईत दोघांनी मिळून नाटकं केली. लोर्काच्या नाटकावरून घेतलेलं 'चांगुणा' त्यातलंच. जपानचं काबुकी आणि कर्नाटकाचं यक्षगान या दोन्ही गोष्टींत पाऊल टाकायचं धाडस रोहिणीबाईंनी केलं, आणि दोन्हींत उभं कसं राहायचं, मान कशी वळवायची, इथून सुरुवात करावी लागते. मग १९८२ मध्ये रिचर्ड अ‍ॅटनबरोंच्या 'गांधी'त कस्तुरबा. वय तिशीच्या आसपास, आणि पडद्यावर तरुण कस्तुरबांपासून थेट म्हातारपणापर्यंतचा प्रवास. त्यासाठी त्या चरखा शिकल्या. सूत तुटलं तर पुन्हा जोडायचं आणि हात न थांबवता बोलायचं, हे कुणी एका दिवसात शिकत नाही, छकुली. त्या भूमिकेला ब्रिटनचं 'बाफ्टा' पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी 'अर्थ'मध्ये त्यांनी घरकाम करणारी बाई केली, आणि १९९० च्या 'अग्निपथ'मध्ये अमिताभची आई, स्वतः त्याच्यापेक्षा वयानं लहान असून. मोठी भूमिका आणि लहान भूमिका असा भेद त्यांनी केलेला मला तरी दिसला नाही.

म्हणजे बघ, घराघरांतली सासू होण्याआधी त्यांच्या मागे जवळजवळ तीस वर्षांचं काम होतं. मालिकेनं त्यांना नाव दिलं असं लोक म्हणतात. मला वाटतं, त्यांनीच मालिकेला वजन दिलं.

आणि हे काम रोजचं असतं ना, तिथेच खरी कसोटी. सकाळी मेकअपला बसायचं, रात्र होईस्तोवर सेटवर राहायचं, बारा तास ही तर साधी पाळी. संवादांचे कागद पुष्कळदा त्याच दिवशी हातात पडतात. परवाच्या भागातलं रडणं सकाळी, आजच्या भागातलं हसणं दुपारी, आणि पदर कुठल्या खांद्यावर होता तेही ध्यानात ठेवायचं. खापरावरचे मांडे करताना पहिला मांडा सुरेख झाला म्हणून कुणी सुगरण ठरत नाही, पंगत उठेपर्यंत हात तसाच फिरावा लागतो, तसंच हे. सुरुवातीच्या भागांत चमकणाऱ्या मुली पुष्कळ असतात गं, हजाराव्या भागालाही मन लावून उभी राहणारी विरळा. २००८ च्या डिसेंबरात जयदेव गेले. मालिका मात्र पुढेही चालू होती, आणि बाई त्यानंतरही काम करत राहिल्या. त्यांचं मला सगळ्यात जास्त कौतुक कशाचं असेल तर याचं.

आता पैशाचं. मालिकेतल्या कामाचे पैसे साधारण तीन महिन्यांनी हातात येतात, तोवर खोलीचं भाडं आणि डब्याचे पैसे आपल्यालाच भरावे लागतात. मालिका कधी बंद होईल ते टीआरपीवर. २०२० च्या मार्चात करोनामुळे शूटिंगं थांबली तेव्हा काही महिने कुणालाच काम नव्हतं, मग ज्यांनी गाठीला बांधून ठेवलं होतं तेच निभावले. तू हाटाच्या दिवशी दहा रुपये वाचवून मला आणून द्यायचीस, ती सवय मुंबईच्या गर्दीत हरवू देऊ नकोस.

पहाटे उठायची सवय आहेच तुला, ती मोडू नकोस. उठलीस की अर्धा तास मोठ्यानं वाच, एक दिवस मराठी, एक दिवस हिंदी. आपली शाळा हिंदीतली आणि घर मराठी, म्हणून तुझ्या कानात दोन्ही भाषा आहेत, हे तुझं धन आहे. फक्त 'ळ' आणि 'ण' नीट उमटू देत, घाईत तू ते गिळतेस.

मुंबईला जायला माझी ना नाही. पण निकालानंतर आधी शिकायला जा. भोपाळला मध्य प्रदेश नाट्य विद्यालय आहे, पुण्याच्या विद्यापीठात ललित कला केंद्र आहे. दिल्लीचं नाट्य विद्यालय पदवी आणि नाटकांचा अनुभव मागतं, तेव्हा ते पुढचं. भोपाळ आणि पुणे, दोन्हीकडचे प्रवेशाचे नियम मागव, नीट वाच आणि मग मला सविस्तर पत्र लिही. फीचं आजोबा आणि मी बघतो, तू अर्ज वेळेवर भर.

तुझी,
आजी