चंक्रमण आणि सांध्यांची निगा

गोसीखुर्द धरणाजवळच वैनगंगाकाठच्या पवनी येथे १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला. त्यामुळे देह जपणे ही आसक्ती ठरते काय, हा प्रश्न या परिसरात बौद्ध दृष्टीने विचारणे उचित आहे. अंगुत्तर निकाय या बौद्ध ग्रंथात चंक्रमणाचे, म्हणजे सजगपणे येरझारा घालण्याचे, पाच लाभ सांगितले असून त्यांत आरोग्य, अन्नपचन व टिकाऊ समाधी येतात; दीर्घायुष्य मात्र येत नाही, आणि ही बाब फार मोलाची आहे, कारण येथे देहाची निगा साधनेसाठी आहे, आयुष्याच्या आसक्तीपोटी नाही. चालण्याने सांध्यांचीही निगा राहते. गुडघ्यातील कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरणाला, रक्तवाहिन्या नसतात. पाऊल टेकताना ती दाबली जाते, उचलताना सैलावते आणि सांध्यातील द्रवातून पोषण घेते. सुजलेला गुडघा हट्टाने चालवणे मात्र देहदंडनच होय. अशा वेळी साधकाने बसावे, कारण सतिपट्ठान सुत्तात चालणे, उभे राहणे, बसणे व निजणे या चारही अवस्थांत सजगता सांगितली आहे.